नेरच्या मास्तरांना आम्ही यवतमाळ दाखवलं

रविवारी सकाळी आमच्या पाटीपुऱ्यातल्या घरात कुसुमआत्याच्या बांगड्या आधी वाजायच्या, मग ती उठायची. झोपेतच तिचे हात काहीतरी आवरायला लागत. पांघरुणाची घडी, उशाखालची पिन, माझी सुटलेली वेणी. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर निजायचो, त्यामुळे माझी झोप त्या किणकिणीनंच मोडायची. बाहेर बाबा पाणी तापवण्यासाठी चूल फुंकत असायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात राहिल्यामुळे त्यांना रविवारी कुणी मोठ्यानं बोललेलं खपायचं नाही, आणि नेमकी रविवारीच आत्या मोठ्यानं गायची. आई तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणायची, "तुमच्या बहिणीले एक दिवस गप्प बसवा, मी मानीन तुमाले." बाबा नुसते चुलीकडे बघत हसायचे.

कुसुमआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डाच्या भोकांत तारा खुपसून ती अख्ख्या यवतमाळला एकमेकांशी बोलतं करायची. तेव्हा फोन फार थोड्यांकडे, म्हणजे डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी आणि मेन लाईन या बाजाररस्त्यावरचे मोठे दुकानदार यांच्याकडेच. त्यांचे चेहरे तिनं पाहिलेले नसत, पण आवाज सगळे पाठ. आणि त्यांनाही तिचा. आज माझी नात बोटानं काच घासून अमेरिकेतल्या मामाला हाक मारते आणि तो लगेच समोर दिसतो. त्यात तिला काहीच वाटत नाही. मला मात्र अजून वाटतं की मध्ये कुठंतरी एक बाई बसली असेल, आणि ती म्हणेल, "बोला, लाईन लागली."

सकाळी पांढरी लुगडी-साड्या नेसून आम्ही विहारात वंदनेला जायचो. वंदना संपली की आत्या घरी येऊन पांढरी साडी उतरवायची, गर्द निळी किंवा तांबडी नेसायची, मला ओढत बाहेर काढायची आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी गावाच्या. विकत घ्यायचं असायचं फार थोडं. आत्याला दुकानं आवडायची ती पाहायला, हाताळायला, ऐकायला. कापडाच्या दुकानात ती गादीवर मांडी ठोकून बसायची आणि सगळे तागे उलगडायला लावायची. पहिल्यांदा दुकानदार वैतागला होता म्हणे. पण आत्यानं "तो वरचा मोरपंखी दाखवा जी" म्हटल्याबरोबर त्यानं मान वर केली, डोळे मोठे केले आणि ओरडला, "अरे! हॅलोबाई का तुम्ही?" तेव्हापासून साऱ्या मेन लाईनला ती हॅलोबाई. पुढच्या दुकानात शिरायच्या आधीच कुणीतरी आतून म्हणायचं, "या हॅलोबाई, आज सुट्टी का?" भांड्याच्या दुकानात ती प्रत्येक गंजावर, म्हणजे पातेल्यावर, टिचकी मारायची आणि कान लावून त्याचा नाद ऐकायची. मलाही मारायला सांगायची. पितळेचा नाद लांब चालतो आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, लगेच मरतो, हे मी शाळेत जायच्या आधीपासून जाणते. कासाराच्या दुकानात हात पुढे करून बसायचं, बांगडी चढताना डोळे मिटायचे. मग दत्त चौकाच्या अलीकडं एका अंधाऱ्या हॉटेलात आलुबोंडा. बोंडा फोडून त्यावर लालभडक रस्सा ओतलेला, वर कच्चा कांदा. तिथं बायका बसून खात नसत. आम्ही बसायचो. शेवटी रशीदभाईंकडून भाड्यानं सायकल घ्यायची आणि पोस्टल ग्राउंडवर चकरा मारायच्या, आत्या चालवायची आणि मी मागं कॅरियरवर.

थंडीच्या दिवसांत या सगळ्यावर कापूस पसरलेला असायचा. खेड्यांतून बैलगाड्या भरभरून यायच्या, रस्त्याकडेच्या बाभळींना, तारांना, दुकानांच्या पाट्यांना पांढरे पुंजके अडकून राहायचे. घरी आल्यावर आई आमच्या केसांतून कापूस वेचायची आणि विचारायची, "कुठं कुठं उंडारल्या?" आत्या क्रमानं सगळं सांगायची, आणि ते सांगणं ऐकताना मला वाटायचं, आपण परत एकदा जाऊन आलो.

तिच्या लग्नाचा विषय आमच्या घरात बराच काळ चुलीवरच्या डाळीसारखा उकळत होता. स्थळं यायची, पोहे व्हायचे, आत्या पदर घेऊन बसायची, आणि कुठंतरी बिनसायचं. बहुतेकांना तिची नोकरी नको होती. काहींना ती हवी होती, पण पगारापुरती. शेवटचं स्थळ मोडलं तेव्हा आत्यानं पोह्याची कढई स्वतः घासली, फडताळावर उपडी ठेवली आणि बाबांना म्हणाली, "दादा, आता मी पोह्याची प्लेट घेऊन बसनार नाही. ज्याले पाह्याचं हाये, तो माह्यासंगं एक रविवार फिरन. मी जिथं जिथं जातो तिथं तिथं. मंग मी बी त्याले पाहीन."

बाबा म्हणाले, "असं कोनी येईन का, येडे?"

"नाही आला तं नाही आला."

आला. नेरहून आला. म्हणजे प्रल्हाद मास्तर आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे थोरले भाऊ किसनराव. किसनराव पुढं, मास्तर मागं. किसनरावांच्या मिशा, धोतर, खाकरणं, सगळं भरगच्च होतं. मास्तर मात्र उंच, सडपातळ, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये अवघडलेले. नेरजवळच्या एका खेड्यात शाळेवर होते. 'जयभीम' म्हणाले ते इतकं हळू, की बाबांनी जरा पुढं वाकून परत एकदा जयभीम घातला. आईनं चहा दिला. बाबांनी घसा साफ केला, दोनदा सुरुवात केली आणि कशीबशी आत्याची अट सांगितली.

किसनरावांची कपबशी हातातच थांबली. "बाजारात? पोरीसंगं? हे कोनती रीत काढली तुमी?"

"सोबत आमची वैशू राहीन," आई घाईनं म्हणाली. वैशू म्हणजे मी. मी आधीच चपला घालून दारात उभी होते.

"आमच्या घरात असं..." किसनराव सुरू झाले, तोवर मास्तर उठून उभे राहिले होते. भावाकडं न बघता ते म्हणाले, "चाला." तो एकच शब्द. जयभीमनंतर तोवर त्यांनी तेवढाच उच्चारला होता.

मेन लाईनपर्यंत कोणीच बोललं नाही. आत्या पुढं, मी मध्ये, मास्तर मागं, अशी आमची वरात. मला सारखं मागं वळून बघायचं होतं आणि बघितलं की हसू यायचं. कापडाच्या दुकानात हॅलोबाईबरोबर पुरुष बघून मालकानं स्वतः उठून सतरंजी झटकली. आत्यानं तागे उलगडायला लावले. मास्तर पलीकडं गुडघे जुळवून बसले आणि रंगांच्या त्या ढिगाकडं असे बघत राहिले, जसं काही फळ्यावर कुणी अवघड गणित मांडलंय. "तुमाले कोनता आवडला?" आत्यानं विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सगळे." दुकानदार खूश झाला. आत्यानं माझ्याकडं पाहून एक भुवई वर केली. भांड्याच्या दुकानात तिनं टिचक्या मारल्या, तर यांनीही एका मोठ्या घागरीवर टिचकी मारली, नाद ऐकला, मग शेजारच्या घागरीवर, मग त्याच्या शेजारच्या. ओळीनं सगळ्या. दुकानदार बघतच राहिला. मास्तर थांबेचनात. "चाला आता," आत्याला म्हणावं लागलं. एरवी आत्यालाच मला ओढून बाहेर काढावं लागे, पण आत्या दुसऱ्याला दुकानातून बाहेर काढते, हे मी प्रथमच पाहत होते.

हॉटेलात रस्सा आला. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चेहरा मात्र तसाच गंभीर.

"तिखट लागलं का?" आत्या.

"नाही."

"मंग डोये?"

"कापूस गेला असन." आणि पुढचा घास. प्लेट स्वच्छ केली, वरून आणखी रस्सा मागितला. मी टेबलाखाली वाकून हसून घेतलं. वर आले तेव्हा आत्याही पदरानं तोंड पुसत होती, बराच वेळ पुसत होती.

तिथून आम्ही रशीदभाईंकडं गेलो. आत्यानं आपली सायकल काढून घेतली, घंटी वाजवून पाहिली आणि मास्तरांना विचारलं, "तुमाले कोनती देऊ?"

मास्तर आपल्या बुटांकडं बघायला लागले. "मले येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"सायकल."

मी फस्सकन हसले. एवढा उंच माणूस, शाळेत पोरांना शिकवणारा, आणि सायकल येत नाही! आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून चालवायची. मास्तर कसनुसं तोंड न करता सरळ सांगत होते, "घरी एकच होती. भाऊ कोनाले हात लावू देत नव्हते. मी वावरातून पायी शाळेत जात जाओ. अजून बी पायीच जातो. नंतर वय झालं. शिकाची लाज वाटे."

क्षणभर आत्या हॅलोबाई नव्हती, कुणीतरी दुसरीच होती. मग तिनं पदर खोचला. "शिकता का?"

"आता?"

"मंग कवा?"

पोस्टल ग्राउंडवर त्या रविवारी एका बाजूला पोरांचं क्रिकेट चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला कसल्याशा कार्यक्रमाचा मंडप उभा राहत होता. मधल्या मोकळ्या जागेत मास्तर सायकलवर बसले. आत्यानं मागून सीट धरली. मी एका बाजूनं हँडल धरलं. त्यांचे गुडघे त्यांच्याच छातीला लागत होते. पहिल्या फेऱ्यांत ते माझ्याच अंगावर कलायचे आणि दरवेळी "माफ करा" म्हणायचे. इवल्याशा मला! आत्या मागून पळत ओरडत होती, "चाकाकडं नोका पाहू! पुढं पाहा! पुढं पाहा जी!" थोड्या वेळानं तो 'जी' गळला. मग 'पाहा'चं अरे-तुरेतलं 'पाय' झालं. "पुढं पाय ना! कायले खाली पाहून राह्यला!" क्रिकेट थांबलं. पोरं गोळा झाली. मंडपवाले बांबू टेकवून बघत उभे राहिले. साडी खोचलेली, वेणी सुटलेली एक बाई एका इस्त्रीच्या पँटवाल्याला धरून मैदानभर पळतेय, असं दृश्य यवतमाळात रोज थोडंच दिसतं! "चाल्ला, चाल्ला!" पोरं ओरडली. आणि खरंच मास्तर चालले होते. आत्यानं हात सोडला होता, मी तर केव्हाच मागं पडले होते. ते एकटे, सरळ, ताठ, सुसाट चालले होते.

थांबायचं कसं ते आम्ही शिकवलंच नव्हतं.

"ब्रेक! ब्रेक दाब!" आत्या किंचाळली. मास्तरांनी घंटी वाजवली. घंटी वाजवत वाजवतच ते मंडपाच्या कनातीत शिरले, कनातीचे बांबू एकामागून एक आडवे झाले, आणि लाल-पिवळ्या कापडाचं एक भलंमोठं गाठोडं जमिनीवर लोळायला लागलं. आत घंटी वाजतच होती. मंडपवाले शिव्या देत धावले. आम्हीही धावलो. मला तर वाटलं, मेले बहुतेक! कापड बाजूला केलं तर आत मास्तर, केस धुळीनं भरलेले, गुडघ्यावर पँट फाटलेली, आणि ते हसत होते. केवढ्यानं हसत होते! जयभीम म्हणताना ज्यांचा आवाज ऐकायला वाकावं लागलं होतं, ते असे गडगडाटी हसत होते की मंडपवाल्याच्या तोंडातली शिवी अर्ध्यात राहिली आणि तोही हसायला लागला. आत्या मटकन खाली मातीत बसली. पोट धरून, डोळे पुसत, पुन्हा पोट धरून. आज इतकी वर्षं झाली, माणसं भेटली, सुटली, पण एवढी मोठी माणसं एवढ्या मनापासून हसताना मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

घरी गेलो ते वरातीसारखेच, पण आता कुणीच गप्प नव्हतं. आणि दारात किसनराव.

त्यांनी आधी फाटकी पँट पाहिली, मग आत्याची खोचलेली साडी. "पोरगी पाह्याले पाठवलतं का कुस्ती खेलाले?" ते बाबांवर गरजले. "भर मैदानात तमाशा! अशी उंडारनारी सून आमच्या घरात नाही चालनार. प्रल्हाद, चाल. गाडीचा टाइम झाला."

"दादा, माह्यं आयका..." मास्तर म्हणाले.

"चाल म्हनलं ना!"

मास्तर उंबऱ्यात थबकले. त्यांनी आत्याकडं पाहिलं, ओठ हलले, पण भावानं दंड धरला होता. ते लंगडत गेले. बाबा ओट्यावर डोकं धरून बसले. आत्या सरळ मोरीत गेली, हातपाय धुतले, बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, मले तो पसंत होता." आवाज अगदी साधा, जणू कुणाला सांगतेय की लाईन बिझी आहे.

तो आठवडा आमच्या घराला जड गेला. नेरचे कॉल रोज आत्याच्याच हातून जात. कापसाचे भाव, कुणाची मयत, कुणाचं बाळंतपण. दुसऱ्यांची नेरशी लाईन ती लावून द्यायची. मास्तरांच्या गावात फोनच नव्हता. रविवारी तिनं गाणं म्हटलं नाही. विहारातून आल्यावर पांढरी साडीही बदलली नाही. "जायचं ना?" मी विचारलं. "तू जा मैत्रिणीकडं," ती म्हणाली. मला रडू यायला लागलं होतं, तेवढ्यात अंगणात कुणाचा तरी खडा आवाज आला.

"हेच का घर?"

नऊवारी नेसलेली, काळीसावळी, ताठ पाठीची एक म्हातारी. डोक्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं. आणि तिच्या मागं मास्तर, गुडघ्याला पट्टी, त्याच पँटला आता ठिगळ. ती मास्तरांची आई, गुंफाबाई. बाबा गडबडून उभे राहिले. आईनं डोक्यावर पदर ओढला. म्हातारीनं गाठोडं आईच्या हातात दिलं आणि विचारलं, "कोन ते पोरगी, जिनं माह्या पोराले पाडलं?"

आत्या पुढं आली. "मी," म्हणाली.

गुंफाबाईंनी तिला खालून वरून न्याहाळलं. "हा घरी येऊन हासून राह्यला, बाई. जेवता जेवता हासते. वावरात उभा राहून हासते. मले वाटलं याले बाहेरचं लागलं का काय. याचा बाप गेल्यापासून मी याले हासताना पाह्यलं नोतं. विचारलं तं सांगे, मा, एका बाईनं मले सायकल शिकवली." त्यांनी दम घेतला. "किसनाले म्हनलं, तू आता चूप बस. तुह्या मिशीसाठी मी याचं हासू बंद करनार नाही. मी सोता पाहून येतो."

आईनं "बसा, चहा ठेवते" म्हटलं. पण म्हातारी बसेना.

"चहा मंग. यवतमाळले मी लय खेपा आली. कापसाच्या गाडीवर आली, दवाखान्यात आली, कचेरीत येऊन दिवसभर बसली. काम झालं का वापस. बाजार पाह्याले म्हून कवा आली नाही." तिनं आत्याचा हात धरला. "मले फिरव."

आत्या पांढऱ्या साडीतच निघाली. आता वरातीत पुढं आत्या आणि गुंफाबाई हातात हात घालून, मागं मी आणि मास्तर. कापडाच्या दुकानात म्हातारी गादीवर अशी बसली की मालकानं आपोआप हात जोडले. ब्लाउजचे खण, चादरी, पडदे, तिनं सगळं उलगडून पाहिलं आणि गालाला लावून पाहिलं. कासारानं हिरव्या बांगड्या चढवल्या तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, उलट प्रत्येक बांगडीला "ये, ये" म्हणाली. हॉटेलात रस्सा चाखून म्हणाली, "याले तिखट म्हनते? माह्या घरी ये, मंग सांगतो," आणि कांदा परत परत मागून घेतला. बर्फाचा गोळा चोखताना तिची जीभ लालजर्द झाली, ती तिनं मला काढून दाखवली. मी माझी दाखवली. मास्तरांनी त्यांची.

मग तिला झुकझुक ऐकू आली. "ते काय वाजून राह्यलं?" आमच्या गावची ती छोटी गाडी होती, अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरकडं जाणारी. आता ती बंद पडली, रुळांत गवत वाढलंय आणि तिथून जाताना माझा पाय आपोआप हळू होतो. त्या दिवशी म्हातारी आवाजाच्या दिशेनं आम्हाला स्टेशनात घेऊन गेली, तेव्हा ती फलाटावर वाफ सोडत उभी होती. गुंफाबाई कधीच आगगाडीत बसल्या नव्हत्या. त्यांनी डब्याला हात लावून पाहिला, जसा गाईच्या पाठीला लावतात. "बसू का यात?" त्यांनी विचारलं. कुणी हो म्हणायच्या आत त्या दांडा धरून वर चढल्यासुद्धा. त्यांच्यामागं आम्ही, कारण दुसरं काय करणार? मास्तर धावत जाऊन तिकिटं घेऊन आले आणि शिट्टी झाली तशी धावत्या डब्याचा दांडा धरून आत आले.

गाडी हलली. म्हातारीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तिचा पदर उडाला, पांढरे केस वाऱ्यावर सुटले. बाहेर कापसाची वावरं, तुरीची पिवळी फुलं, हात हलवणारी पोरं. तीही सगळ्यांना हात हलवत होती. मी तिच्या मांडीवर चढून दुसरा हात हलवत होते. घरी चहा ठेवून आई-बाबा वाट बघत होते, आणि आम्ही निघालो होतो, कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत्याला एकदम भान आलं. "आई," ती गुंफाबाईंना म्हणाली, "आपन वापस कसं येनार?"

तिच्या तोंडून कोणती हाक निघून गेली, ते तिच्या आधी मास्तरांना कळलं. ते माझ्या समोरच्या बाकावर होते. त्यांनी झटकन खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यांचे कान लालेलाल झाले.

गुंफाबाईंनी डोकं आत घेतलं नाही. "ते मंग पाहू, बाई," वाऱ्यातूनच त्या ओरडल्या, "आधी जाऊन तं पाहू!"